काळी, पांढरी आणि गेरू

मराठवाड्यात चित्रकला शिकणाऱ्याने एकदा तरी शेतातली काळी माती पाण्यात कालवून बोटाने कागदावर ओढून पाहावी. ओली असते तोवर ती काजळासारखी दिसते. एवढा गडद काळा रंग बांधावर फुकट पडलाय, या कल्पनेनेच जीव हरखतो. दहा मिनिटांत कागद वाळतो आणि तिथे राखाडी, तपकिरी, मळकट पट्टा उरतो. जरा जाड हात पडला असेल तर त्यावर बारीक भेगा. बोट फिरवलं की अर्धा पट्टा बोटाला येतो.

ओला असताना काळा दिसणारा रंग वाळल्यावर कुठे गेला? भेगा का पडल्या? आणि रंग कागद सोडून हाताला का लागला? बाजारातल्या बाटलीने हे प्रश्न आपल्याला कधी पडूच दिलेले नसतात. एलिमेंट्री-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणारी मुलं संकल्पचित्रात सपाट रंग भरताना रडकुंडीला येतात. ब्रशचे पट्टे दिसतात म्हणून पाणी वाढवतात, आणि मग वाळल्यावर पोस्टर कलरची भुकटी तळहाताला लागते. 'साईसारखा रंग घे' असं कलाशिक्षक सांगतात, ते अगदी खरं आहे. पण साईसारखाच का, हे कळायला रंग एकदा स्वतः बनवावा लागतो. रंग म्हणजे बारीक कण आणि त्यांना एकमेकांशी व कागदाशी धरून ठेवणारं चिकट द्रव्य. पाणी वाढलं की चिकट द्रव्य विरळ होतं, त्यातलं बरंचसं कागद पिऊन टाकतो आणि कण वर उघडे पडतात. हे वाक्य वहीत लिहून पाठ होतं. हाताला मात्र ते मातीच शिकवते.

काळ्या मातीचं दुखणं तिच्या गुणातच आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. एप्रिल-मेमध्ये रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच कागदावर केसाएवढ्या मापात घडतं. कापसाला जी माती मानवते ती चित्राला मानवत नाही. आणि तो हरवलेला काळा रंग मुळात त्या मातीत फारसा नव्हताच. ओली फरशी, ओलं धोतर गडद दिसतं, त्याच कारणाने ओली माती गडद दिसते. कणांच्या मधल्या फटींत पाणी असलं की उजेड आत शिरतो आणि तिथेच जिरतो. पाणी उडून फटींत हवा भरली की उजेड पृष्ठभागावरच विखुरतो आणि रंग फिका पडतो. म्हणून मातीचा रंग ओला असताना कधी पारखू नये. माती गोळा करताना चिमूटभर तळहातावर चोळून, पूर्ण वाळू देऊन, मगच ती पिशवीत भरायची की नाही ते ठरवावं.

मग रंगाची माती मिळते कुठे? गावात काळी आणि पांढरी हे दोन शब्द सगळ्यांच्या तोंडात असतात. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. माळवदाच्या घरांवर टाकायची आणि भिंतींना पोतेरा द्यायची ती पांढरी माती चित्रालाही उपयोगी पडते. मात्र एक गोष्ट बजावून सांगायला हवी. तेर, पैठण अशा जुन्या ठिकाणच्या पांढरीच्या टेकाडांना हात लावू नये, तिथल्या मातीत इतिहास पुरलेला आहे. अजिंठा-वेरूळच्या परिसरातूनही खडा उचलू नये. रंगासाठी घरदुरुस्तीचा ढीग, विहिरीचा उपसा, रस्त्याच्या कडेचा मुरूम पुरेसा आहे, तोही मालकाला विचारून.

मुरमात पिवळसर, तांबूस, चॉकलेटी अशा छटा मिळतात. डोंगर कापून रस्ता काढलेला असतो तिथे काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये कधी कधी विटकरी पट्टा दिसतो. लाव्ह्याचा एक थर थंड होऊन, झिजून, त्याची माती झाल्यावर वर दुसरा थर आला, तेव्हा मधे अडकलेली ही माती. हा लाल रंग फार सुंदर लागतो. उदगीर ओलांडून बीदरकडे निघालं की जांभ्याची लाल जमीन लागते, तिच्यात लोह भरपूर. खडी केंद्रावरच्या दगडांत पोकळ्यांच्या आतल्या बाजूला हिरवट कातडी चिकटलेली आढळते, तीही रंगाचीच माती आहे. पूजेच्या दुकानातला गेरू आणि पिवडी (पिवळी माती) हा सोपा मार्ग, पण स्वस्त गेरूमध्ये बरेचदा खडूच्या भुकटीला कृत्रिम रंग चढवलेला असतो. ग्लासभर पाण्यात चमचाभर टाकून रात्रभर ठेवावा. सगळी माती खाली बसूनही वरचं पाणी सरबतासारखं लाल, पारदर्शक राहिलं, तर तो रंग उन्हात टिकणार नाही.

आता धुणं. शिकणारे सगळ्यात जास्त घाई इथे करतात आणि पुढे सगळ्यात जास्त पस्तावतात.

वरचा वीतभर थर मुळ्या-काडीकचऱ्याचा असतो, तो बाजूला सारून खालची किलोभर माती घ्यावी. कडक उन्हात वाळवून खलबत्त्यात कुटावी, मैद्याच्या चाळणीने चाळावी. कुटताना नाकातोंडाला फडकं नको, नीट मास्क हवा, कारण दगडाची बारीक धूळ फुप्फुसातून परत निघत नाही. मग एक भाग माती आणि आठ-दहा भाग पाणी टोपात घेऊन ढवळायचं. पाण्याची उंची साधारण 10 सेंमी ठेवली तर हिशेब सोपा जातो. कण पाण्यात किती वेगाने बुडतो हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतं. जाडी निम्मी तर वेग चौथाई. 0.05 मिमीचा वाळूचा कण 10 सेंमी खाली जायला पाऊण मिनिट घेतो, 0.01 मिमीचा कण 18 ते 20 मिनिटं. म्हणून ढवळल्यावर पाऊण मिनिट थांबून वरचं गढूळ पाणी अलगद दुसऱ्या टोपात ओतावं. खाली उरलेली वाळू फेकून द्यावी. दुसऱ्या टोपात पुन्हा ढवळून या खेपेला 20 मिनिटं थांबावं आणि वरचं पाणी तिसऱ्या टोपात घ्यावं. दुसऱ्या टोपात खाली बसलेला साकाही टाकायचा नाही, तो वेगळा वाळवायचा. जाडसर, रवाळ पोत हवा असतो तिथे तोच कामी येतो. तिसऱ्या टोपातलं पाणी मात्र कपाळासारखं गुळगुळीत वाळणाऱ्या रंगाचं.

हे शेवटचं पाणी रात्रभर निवळू द्यावं. चिकणमाती जास्त असेल तर दोन दिवस झाले तरी ते गढूळच राहतं. तेव्हा घरातली मोठी माणसं पुराच्या पाण्यात फिरवायची तशी तुरटी एक-दोन वेढे फिरवावी. कण गोळा होऊन तासाभरात बसतात. नंतर वरचं पाणी टाकून दोनदा स्वच्छ पाण्याने धुवावं, नाहीतर तुरटीचा आंबटपणा कागदात जातो आणि काही वर्षांनी कागद पिवळा पडतो. धुण्यासाठी बोअरचं पाणी टाळावं. आपल्याकडच्या बोअरला क्षार किती असतात ते बादलीच्या कडेवर दिसतंच. हेच क्षार वाळलेल्या रंगावर पांढुरकी बुरशी आल्यासारखे उमटतात, आणि चित्र काढताना कण एकमेकांना धरून गुठळ्या करतात, त्यामुळे सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, रवाळ होतो. पावसाचं साठवलेलं किंवा जारचं पाणी वापरावं. टंचाईच्या दिवसांत एवढं पाणी ओतायला मन धजत नाही, आणि ते बरोबरच आहे. वरचं निवळलेलं पाणी पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला घ्यावं. ही कामं पावसाळ्याच्या तोंडाशी काढली तर मनालाही बोचत नाही.

एक किलो मुरमातून कधी पाव किलो रंग निघतो, कधी ओंजळभरसुद्धा नाही. साका ताटात पसरून सावलीत वाळवला की त्याच्या पापड्या होतात. त्या कुटून, वस्त्रगाळ करून, बरणीवर ठिकाण आणि तारीख लिहून ठेवावी. दोन गावांचे मुरूम ओले असताना जुळे भाऊ वाटतात. वाळल्यावर एक भगव्याकडे जातो, दुसरा जांभळ्याकडे. चिठ्ठी नसेल तर तोच रंग पुन्हा कधी हाती लागत नाही.

चिकट द्रव्य म्हणजे बाभळीचा डिंक. लाडवांसाठी वाण्याकडे मिळतो तो चालतो, पण आधी खडा पाण्यात टाकून पाहावा. पूर्ण विरघळला तर तो कामाचा. फुगून जेलीसारखा गोळा झाला तर तो कतीरा, उन्हाळ्यात सरबतात घालावा. 50 ग्रॅम डिंक कुटून, फडक्यात पुरचुंडी बांधून 100 मिली कोमट पाण्यात रात्रभर टांगून ठेवावा. साल, काड्या फडक्यातच राहतात. डिंक उकळू नये, त्याची पकड कमी होते. त्यात तीन लहान चमचे मध आणि तीन-चार थेंब लवंगेचं तेल. मधाने रंग वाळल्यावरही थोडी ओल धरून ठेवतो, त्यामुळे तडकत नाही आणि ब्रश लावताच पुन्हा सुटतो. लवंग तेल बुरशी थोपवतं.

मधाचं प्रमाण ऋतूप्रमाणे बदलावं लागतं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 42-43 वर असतो आणि हवेत ओल नसते, तेव्हा वरच्या मापाने झाकणात सुकवलेली रंगाची वडीही दोन दिवसांत तडकून झाकणातून निसटते. चमचाभर मध वाढवावा लागतो. तोच मसाला श्रावणात केला तर आठवडाभर चिकट राहतो, मुंग्या येतात आणि मग लवंग तेलालाही बुरशी ऐकत नाही.

घोटण्यासाठी काचेच्या दुकानातून 10 मिमी जाडीचा फूटभर चौकोनी तुकडा, कडा घासून घेतलेला, आणि सपाट बुडाचा जड काचेचा पेपरवेट. काच गुळगुळीत असते, तिच्यावर कण दबण्याऐवजी घसरतात. म्हणून तिच्यावर कार्बोरंडम पावडर (घासायची कडक भुकटी) आणि पाणी टाकून पेपरवेटनेच अर्धा तास घासून दोन्ही पृष्ठभाग दुधी करून घ्यावेत. घरचा पाटा-वरवंटा नको. टाकीने पाडलेल्या खाचांत आधीचा रंग बसतो, आणि ज्या दगडावर चटणी वाटायची त्याच्यावर रंग वाटायचा नसतो.

दोन चमचे रंगाच्या भुकटीत मधोमध खळगा करून दोन चमचे डिंकपाणी घालावं, सुरीने कालवून काचेवर घ्यावं आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत घोटत राहावं. दर दोन मिनिटांनी पसरलेला रंग खरवडून मध्यभागी आणायचा. सुरुवातीला करकर आवाज येतो, हाताला वाळू लागते. पाच-सात मिनिटांनी आवाज खसखशीसारखा बारीक होतो. पंधरा-वीस मिनिटांनी तो जवळपास थांबतो. पेपरवेट काचेला चिकटल्यासारखा जड होतो, उचलताना चप्प करून सुटतो, आणि रंगाला एकसारखी, ओलसर, मंद चकाकी येते. ही खूण डोळ्याच्या आधी कानाला कळते. करकर पुन्हा पुन्हा येत राहिली तर धुण्यात घाई झालेली आहे, घोटून ती भरून निघत नाही. घोटणं म्हणजे दगड फोडणं नव्हे. कणांचे गठ्ठे सोडवून एकेका कणाला डिंकाचा हात लावायचा, एवढंच हे काम आहे.

माप बरोबर की चूक हे ठरवायला एकाच कागदावर पाच पट्टे ओढावेत. एक चमचा रंगाला डिंक अर्धा, पाऊण, एक, सव्वा आणि दीड चमचा. रात्रभर वाळल्यावर प्रत्येकावर कोरडं बोट दाबून फिरवावं, मग कागद हलका वाकवून पाहावा. बोटाला भुकटी आली तर डिंक कमी. पट्टा लाखेसारखा चकाकत असेल आणि कागद वाकवल्यावर खवले उठत असतील तर जास्त. मधला कुठला तरी पट्टा मॅट दिसतो, बोट स्वच्छ ठेवतो आणि ओला ब्रश लावताच सुटतो. पिवडीला, बारीक चिकणमातीला डिंक जास्त लागतो, जाडसर मुरमाला कमी. कण जितके बारीक तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग मोठा आणि तितका डिंक खाऊन टाकणारा. हा पाच पट्ट्यांचा कागद प्रत्येक मातीसाठी वेगळा करावा आणि जपून ठेवावा. शिकणाऱ्याकडे याच्याहून मोलाची वही नसते, असं मला मनापासून वाटतं.

रंग झाकणात किंवा शिंपल्यात एकदम काठोकाठ भरू नये. अर्धा भरून दोन दिवस सुकवावा, मग वरचा थर. जाड थर वरून आधी वाळतो, आतून ओला राहतो आणि आकसताना मधोमध फाटतो.

एवढं हाताखालून गेल्यावर अजिंठ्याच्या भिंतीपुढे उभं राहिलं की ती वेगळी दिसायला लागते. गाइडच्या बॅटरीच्या उजेडात पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र सगळेच पाहतात. पण जिथे रंग उडालाय तिथे पाहावं. ओबडधोबड कातळ, त्यावर मातीचा जाड गिलावा, त्यात भाताचं तूस, वनस्पतींचे तंतू आणि दगडाचा चुरा, त्यावर अंड्याच्या टरफलासारखा पातळ पांढरा थर आणि त्याच्यावर रंग. ओल्या चुन्यावर रंगवायची पद्धत ही नव्हे. वाळलेल्या पृष्ठभागावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावलेले आहेत. तूस आणि तंतू कशाला, हे काळ्या मातीच्या भेगा पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आकसणाऱ्या मातीला ते जागोजाग धरून ठेवतात, एक मोठी भेग पडण्याऐवजी हजार न दिसणाऱ्या भेगांत ताण वाटला जातो. गवंडी गाऱ्यात भुसा घालून मुरवतात तो याचसाठी. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचं 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवलं गेलं.

रंगही ओळखीचे निघतात. तांबडा आणि पिवळा लोहाच्या मातीचा, काळा काजळीचा, पांढरा चुना आणि पांढऱ्या मातीचा, हिरवा काळ्या दगडाच्या (बेसाल्टच्या) पोकळीतल्या त्याच हिरव्या मातीचा. एकटा निळा परका. तो लाजवर्दी दगडाचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून आलेला.

या भिंतींसमोर बसून शिकण्याची परंपरा जुनी आहे. 1872 पासून पुढची बारा-तेरा वर्षं जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन इथे प्रती काढत होते. त्यांतल्या कितीतरी 1885 मध्ये लंडनच्या आगीत गेल्या. 1909 ते 1911 च्या हिवाळ्यांत इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस आणि हैदराबादचे सय्यद अहमद यांच्यासारखी तरुण मंडळी इथे काम करत होती. पूर्वीच्या काळी प्रती काढताना आणि जतन करताना मूळ चित्रांवर वॉर्निश आणि लाखेचा लेप दिला गेला. तो पुढे पिवळा पडला, आणि कितीतरी पांढरे, हिरवे आज मधाळ दिसतात. आपण प्रत काढताना ही पिवळी झाक रंगात मिसळायची की नाही, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःला विचारावा. मी म्हणेन, मिसळू नये. भिंतीवरच्या रंगाचं नाव आधी ओळखावं, मग तो कालवावा.

राहिले काळा, पांढरा आणि निळा.

काळ्यासाठी करडईच्या तेलाची पणती, तिच्यावर बोटभर उंचीवर पालथी पितळी. रात्रभरात चिमूटभर काजळी जमते. पितळीला तूप लावायचं नाही, ते डोळ्यांच्या काजळासाठी. काजळी तेलकट असते, पाण्यात टाकली की तरंगते आणि हात, टेबल, शर्ट सगळीकडे जाते. म्हणून तिला पाणी आधी दाखवूच नये. घट्ट डिंकाच्या दोन थेंबांत ती कणकेसारखी मळावी, पुरती मळली गेली की मग थेंब थेंब पाणी. पांढऱ्यासाठी शाडू किंवा धुतलेली पांढरी माती. ही फसवते ती काळ्या मातीच्या उलट बाजूने. ओली असताना पारदर्शक दिसते, काही उमटलंच नाही असं वाटून हात दुसरा, तिसरा थर देतो, आणि वाळल्यावर तिथे पिठाचा डाग पडलेला असतो. एकच थर द्यावा आणि पंखा न लावता थांबावं.

निळा आपल्या मातीत नाही, आणि दुकानातून आणायची घाईही करू नये. पूर्ण आकाशाचं चित्र या चार-पाच मातींतच काढून पाहावं. कागद जाड, 300 जीएसएमचा, किंवा दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्याचा हातकागद. हातकागद टीपकागदासारखा पाणी ओढत असेल तर त्याला आदल्या दिवशी तांदळाच्या पातळ खळीचा एक हात द्यावा आणि वाळल्यावर गुळगुळीत गारगोटीने घोटावा. खाली पिवडी आणि विटकरी मुरमाचं माळरान, मधे जाडसर साक्याचा रवाळ डोंगर. वर आकाशाला चार भाग पांढरी आणि मुंगीच्या डोक्याएवढी काजळी, भरपूर पाण्यात. बशीत हा रंग नुसता राखाडी दिसतो. पांढऱ्यात काजळीची झाक थंडीकडे झुकते, आणि खाली उबदार पिवडी असली की डोळा उरलेलं काम करतो. आपलं मे महिन्याचं आकाश तरी निळं कुठे असतं? धुळीने पांढुरकं झालेलं, क्षितिजापाशी किंचित तांबूस. ती तांबूस कड आकाश ओलं असतानाच गेरूच्या पाण्याने द्यावी. त्या उन्हात मिनिट-दीड मिनिटाचाच अवधी मिळतो. म्हणून गेरू आधी कालवून, ब्रश भरून हाताशी ठेवावा, मगच आकाशाला पाणी लावावं.